जुन्या एस्टीमचं ब्रेक ऑइल उतरतंय: भरत राहावं की शोधावं?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मामांची २००१ सालची मारुती एस्टीम व्हीएक्स आता माझ्याकडे आली आहे. मधली काही वर्षं ती शेडमध्येच उभी होती. कुणीतरी अधूनमधून सुरू करायचं, तेवढंच. नोंदणीचं नूतनीकरण झालंय, कागदपत्रांची चिंता नाही. चिंता आहे ती बोनेटखालची.

गाडी आली तेव्हा ब्रेकचं पॅडल मऊ लागत होतं. घराजवळच्या गॅरेजात चारही चाकांच्या ब्रेक पाइपांत अडकलेली हवा (एअर) काढून घेतली, त्यांनी ब्रेक ऑइल मॅक्सच्या खुणेपर्यंत भरून दिलं. पॅडल छान कडक झालं. पण काही आठवड्यांत ऑइल मिनच्या जवळ आलंय. गाडीखाली डाग नाही. गॅरेजवाले म्हणतात, "जुनी गाडी आहे साहेब, थोडं पिणारच. बाटली डिकीत ठेवा आणि भरत राहा."

शिवाय पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवलं की घुर्रर्र आवाज येतो. आणि तिसरं म्हणजे क्लच ऑइलची डबी मला सापडतच नाहीये.

गणपतीला रत्नागिरीला जायचंय, आंबा घाटाने. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

रानमोडी

तिसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. तुमच्या गाडीत क्लच ऑइल नाहीच. एस्टीमचा क्लच केबलवर चालतो. शोधणं थांबवा. :)

ब्रेकचं म्हणाल तर पुढचे पॅड बघा. पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन पुढे सरकून राहतो आणि त्याच्या मागे तयार झालेली जागा ऑइलने भरते. म्हणून डबीतली पातळी उतरते. गळती नसतानाही.

भटकभवानी

+१ रानमोडी. आमच्याकडे झेन होती तेव्हा अगदी हेच झालं होतं. पॅड बदलायला पिस्टन मागे ढकलले आणि ऑइल आपोआप मॅक्सला आलं. मधल्या काळात कुणी वरून भरलं असतं तर डबी ओसंडून रंगाची वाट लागली असती.

ग्रीसचे डाग

रानमोडी म्हणतात ते खरं, पण इथे लागू होत नाही. पॅड झिजून ऑइल उतरायला पॅडचं आख्खं आयुष्य जातं. मॅक्स आणि मिनमधलं अंतरच साधारण त्या हिशेबाने ठेवलेलं असतं. नवे पॅड असताना मॅक्स, पॅड संपत आले की मिनच्या आसपास. काही आठवड्यांत एवढं उतरत असेल तर ऑइल बंद सर्किटच्या बाहेर जातंय.

"जुनी गाडी पिणारच" हे इंजिन ऑइलच्या बाबतीत एक वेळ ऐकून घेईन. पिस्टन रिंगा झिजल्या की इंजिन खरोखर ऑइल जाळतं. ब्रेक ऑइल जळत नाही, उडून जात नाही. ते कमी झालंय म्हणजे कुठेतरी गेलंय, आणि कुठे ते सापडेपर्यंत डबीत भरू नका. आणि मिनच्या खाली गेलं तर गाडी चालवू नका.

आता क्रमाने बघा. सपाट जागेवर गाडी लावा, इंजिन बंद. डबी जुनी आहे, पिवळट झाली असणार, बाहेरून पातळी दिसत नसेल तर मागून टॉर्च धरा. झाकण उगाच उघडू नका. उघडावंच लागलं तर आधी आजूबाजूची धूळ ओल्या फडक्याने पुसा, कारण तिथली माती आत पडली तर थेट मास्टर सिलिंडरच्या (पॅडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या मुख्य भागाच्या) सीलवर जाते.

मग चारही चाकं आतल्या बाजूने बघा. पुढे कॅलिपर आणि होजपाइप. मागे ड्रमची बॅक प्लेट खालच्या कडेला ओली दिसते का? मागचं व्हील सिलिंडर (ड्रमच्या आतला ब्रेक दाबणारं) गळत असेल तर सुरुवातीला ऑइल त्याच्या रबरी बुटातच साचतं, बाहेर थेंब पडत नाही. ड्रम काढून बुटाची कड हलकेच उचलली की कळतं. जमिनीवर डाग नाही म्हणून निश्चिंत राहू नका.

आणि एक प्रश्न: एअर काढताना पॅडल कुणी मारत होतं, आणि कसं?

पंचगंगाकाठ

धन्यवाद ग्रीसकाका. गॅरेजमधला पोरगा मारत होता. पूर्ण खालपर्यंत, जोरजोरात. का?

ग्रीसचे डाग

मला तेच ऐकायचं नव्हतं.

रोजच्या वापरात पॅडल अर्ध्याच्या वरच थांबतं. म्हणजे मास्टर सिलिंडरमधला पिस्टन बोअरच्या ठरावीक भागातच मागेपुढे होतो. पलीकडचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला. गाडी उभी राहिली, ऑइलमध्ये पाणी शिरलं की त्या भागाला गंज चढतो, बारीक खड्डे पडतात. एअर काढताना पॅडल तळाला नेलं की रबरी सील त्या खरखरीत भागावरून घासत जातं आणि फाटतं. त्या दिवशी पॅडल कडक लागतं, सगळे खूश. दुखणं नंतर निघतं.

आम्ही जुन्या गाडीची एअर काढताना पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचो. पॅडल तळाला जातच नाही. फुकटातला उपाय आहे, पण कुणी करत नाही.

(माझी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात झाली, तिथे एअर ब्रेक. हे शिकलो ते संध्याकाळी भावाच्या गॅरेजात.)

तिरपा_टायर

एवढं कशाला. डॉट ५ दर्जाचं ब्रेक ऑइल टाका, सगळ्यात भारी असतं. आकडा जितका मोठा तितकं चांगलं.

अबोली७१

तिरपा_टायर, थांबा, हे कुणीतरी वाचून करेल म्हणून लिहितेय. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलच्या जातीची ऑइल्स. डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्याच कुळातलं. ते बाकीच्यांत मिसळत नाही. डॉट ३ च्या सिस्टीममध्ये वरून डॉट ५ ओतणं हा उपद्व्याप आहे. ५ आणि ५.१ मध्ये फक्त एका टिंबाचा फरक दिसतो, पण बाटली उचलताना तेच बघायचं.

आकड्यांचा अर्थ मुख्यतः उकळण्याशी आहे. कोरं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सियसला उकळतं, डॉट ४ किमान २३० ला, ५.१ किमान २६० ला. पण हे सीलबंद बाटलीतलं. ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, होजपाइपच्या रबरातूनसुद्धा. वजनाच्या ३.७ टक्के पाणी शिरलं की डॉट ३ ची किमान मर्यादा १४० वर येते आणि डॉट ४ ची १५५ वर. मानकातच "कोरडं" आणि "ओलं" असे दोन आकडे असतात. दुकानात मात्र सगळे पहिलाच सांगतात.

आता आंबा घाट आठवा. आंब्याहून साखरप्याकडे उतरताना माणूस सतत ब्रेकवर पाय ठेवून असेल तर कॅलिपर भयंकर तापतो. आतलं पाणी शिरलेलं ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. खाली उतरून तासभर थांबलात की सगळं पुन्हा ठीक, मेकॅनिकला काहीच सापडत नाही. म्हणून पातळी बघणं हे अर्धंच काम. किती जुनं आहे हेही बघा. बहुतेक मॅन्युअलमध्ये दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं. तुमच्या मामांची गाडी उभी होती म्हणून ऑइल नवं राहिलं असं होत नाही, उभ्या गाडीतही ते पाणी पीतच असतं.

कुठलं टाकायचं ते डबीच्या झाकणावर छापलेलं असतं. डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं. उलटं करू नये.

तिरपा_टायर

बरं झालं सांगितलंत, मी पुढच्या आठवड्यात घेणारच होतो. _/\_

नानाची_टांग

माझी प्रीमियर पद्मिनी अजून आहे. चारही चाकांना ड्रम, ऑइलचा दिवा-बिवा काही नाही. झाकण उघडून डोकावायचं. तुमच्या एस्टीमला हँडब्रेकच्या दिव्यातच ऑइलची सूचना येत असेल तर एक युक्ती. वळणावर किंवा ब्रेक दाबताना तो लाल दिवा क्षणभर लुकलुकला, तर हँडब्रेक नीट सुटला नाही असं समजून दुर्लक्ष करू नका. पातळी मिनजवळ आली की ऑइल हिंदकळतं, फ्लोट क्षणभर खाली जातो आणि दिवा लागतो. पहिली खबर तिथेच मिळते.

अवांतर: मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती, वीस वर्षांच्या नियमाने २०२३ ला तीही गेली. त्यामुळे सुटे भाग मिळणं आता अवघड होत चाललंय. व्हील सिलिंडरची किटं कुणाकडे असतील तर व्यनि करा.

रानमोडी

स्टेअरिंगचा आवाज राहिलाच. एस्टीम व्हीएक्सला हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग आहे, त्याची डबी वेगळी. ब्रेकचं ऑइल त्यात किंवा त्यातलं ब्रेकमध्ये, हे मरेपर्यंत करायचं नाही. पॉवर स्टेअरिंगचं ऑइल खनिज तेलाच्या जातीचं. ब्रेकचं रबर त्याने फुगतं. चुकून थोडंसं जरी पडलं आणि पॅडल मारलं गेलं, तर नुसतं धुऊन भागत नाही, मास्टर सिलिंडरपासून होजपाइपपर्यंत रबराचा प्रत्येक तुकडा बदलावा लागतो. उलट बाजूने पंपाची सीलं जातात.

पातळी बघताना खूण नीट वाचा. काही गाड्यांत झाकणालाच काडी असते, काहींत डबीवर रेषा. गरम आणि थंड अशा दोन खुणा असतील तर थंड गाडीला गरमची खूण लावून भरू नका, तापल्यावर बाहेर येईल.

आणि आवाज कसा आहे? घुरघुर आणि डबीत फेस दिसत असेल तर पंप हवा ओढतोय, म्हणजे ऑइल कमी आहे किंवा पंपाकडे जाणाऱ्या नळीचा क्लिप ढिला आहे. किंचाळल्यासारखा आवाज असेल तर पट्टा ढिला.

पंचगंगाकाठ

फेस आहे! आणि ऑइल काळपट, जळका वास.

रानमोडी

मग पुढच्या चाकांमागे रॅकच्या (स्टेअरिंग वळवलं की चाकं वळवणाऱ्या आडव्या भागाच्या) दोन टोकांना घडीचे रबरी बूट असतात ते दाबून बघा. आत ऑइल डचमळलं तर रॅकची सीलं गेली. रॅकची गळती बुटातच साठते, खाली डाग नसतो. ब्रेकसारखंच. बूट कोरडे असतील तर नळ्या आणि क्लिप बघा, ऑइल बदला. जुन्या गाड्यांना बहुधा डेक्स्रॉन जातीचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, पण गृहीत धरू नका. होंडा, उदाहरणार्थ, स्वतःचंच पॉवर स्टेअरिंग फ्लुइड वापरायला सांगते. तुमचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघा.

आणि स्टेअरिंग पूर्ण वळवून धरून ठेवायची सवय सोडा. त्या टोकाला पंपाचा दाब कमाल होतो, ऑइल तापतं. दोन-चार सेकंदांच्या वर नको.

सीनकाठचा_सदू

पॅरिसहून हजेरी. इथे माझ्या शेजाऱ्याकडे सिट्रोएन बीएक्स आहे, तिच्याकडे बघून तुमची एस्टीम साधीभोळी वाटते. या गाडीत सस्पेन्शन आणि ब्रेक एकाच हायड्रॉलिक पंपावर, सगळ्यांचं मिळून एकच हिरवं ऑइल, एलएचएम. ते खनिज आहे, डॉट जातीचं नाही. कुणी शहाण्याने यात डॉट ४ ओतलं तर गाडी कायमची बसली.

गंमत म्हणजे पातळी बघायची पद्धत बरोब्बर उलटी. इंजिन चालू ठेवायचं, गाडी सगळ्यात उंच स्थितीत उभी करायची आणि मग टाकीवरचा फ्लोट दोन लाल रेघांच्या मध्ये आहे का बघायचं. गाडी खाली बसलेली असताना बघितलं तर सस्पेन्शनमधलं ऑइल टाकीत परतलेलं असतं आणि पातळी जास्त दिसते. सिट्रोएनचीच डीएस ही गाडी १९५५ साली आली. सुरुवातीच्या काळात यात लाल रंगाचं, पाणी ओढणारं ऑइल होतं, भाग आतून गंजायचे. १९६६ पासून हिरव्या खनिज ऑइलवर आले. हिरव्या गाडीत लाल किंवा लाल गाडीत हिरवं, दोन्ही घातक. म्हणून भाग ओळखता यावेत यासाठी तेसुद्धा हिरवे रंगवत.

भटकभवानी

सदूभाऊ, फोटो टाका ना!

पंचगंगाकाठ

अपडेट देतो. मागचे दोन्ही ड्रम काढले, व्हील सिलिंडरचे बूट उचलून बघितले, ठणठणीत कोरडे. पुढचे कॅलिपर कोरडे. होजपाइपना बारीक भेगा आहेत पण ओल नाही. पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक. आणि ऑइल अजून थोडं उतरलंय. स्टेअरिंगच्या रॅकचे बूट कोरडे, परतीच्या नळीचा क्लिप ढिला होता, तो बदलला. आता ब्रेकचं ऑइल जातंय कुठे?

ग्रीसचे डाग

चाकं कोरडी आणि ऑइल उतरतंय, म्हणजे ते बूस्टरमध्ये जातंय. मास्टर सिलिंडर ज्या मोठ्या काळ्या गोल डब्याला बसवलेला असतो तो बूस्टर. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळलं की ऑइल त्याच्या पोटात जातं. बाहेर थेंब नाही, डाग नाही. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, त्यामुळे जास्त साठलं तर इंजिन ते ओढूनही घेतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर दिसू शकतो. मग लोक दोष हेड गॅस्केटचा समजून इंजिन उघडून बसतात.

बघायचं कसं: इंजिन बंद करून पॅडल पाच-सहा वेळा मारा म्हणजे व्हॅक्यूम संपेल. मास्टर सिलिंडर बूस्टरला धरणारे दोन नट सोडा. पाइप न सोडता सिलिंडर हळूच थोडा पुढे घ्या, पाइप वाकवू नका. मधल्या फटीत कोरडं फडकं घालून बघा. सिलिंडरच्या तळाशी बूस्टरचा रंग उकललेला दिसला तर फडकंही लागणार नाही.

दुसरी तपासणीही करून टाका. इंजिन चालू, पॅडलवर एकसारखा दाब द्या, सिग्नलला उभे असता तसा. पॅडल हळूहळू खाली सरकत गेलं तर आतली सीलंही गेली. अशा वेळी डबीतली पातळी मुळीच हलत नाही, कारण ऑइल आतल्या आतच पलीकडे जातं. म्हणून "पातळी बरोबर आहे म्हणजे ब्रेक बरोबर आहेत" असं कधीच नसतं.

पंचगंगाकाठ

काका, फडकं ओलं निघालं. रंगही उकललाय. पॅडल मात्र खाली जात नाही.

गॅरेजवाल्यांना दाखवलं तर ते म्हणतात किट टाकून देतो, नवीन सिलिंडरची गरज नाही. काय करू?

ग्रीसचे डाग

किट म्हणजे नुसती रबरं. बोअर आरशासारखा गुळगुळीत असेल तर किट चालतं. खड्डे असतील तर नवं रबर पुन्हा तिथेच फाटणार. उघडून नखाने बघा, नख अडखळलं की नवीन घ्या. वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी आहे, मी तर सरळ पूर्ण असेंब्ली घेईन. ब्रेकमध्ये काटकसर करून घाट उतरायचा असेल तर तुमची मर्जी.

होजपाइपना भेगा आहेत म्हणालात, तेही याच वेळी बदला. नाहीतर पुन्हा ऑइल काढायचं, पुन्हा एअर.

अबोली७१

बूस्टरचं पण बघा. ब्रेक ऑइलने त्याचा रबरी पडदा खराब होतो. आतलं ऑइल पुसून, नवा सिलिंडर बसवून मग तपासा: इंजिन बंद असताना पॅडल मारून कडक करा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पॅडल किंचित खाली गेलं तर बूस्टर मदत करतोय. काहीच हललं नाही तर तोही गेला.

बाटली लहान घ्या. पाव किंवा अर्धा लिटरची, लागेल तितक्याच. उघडून अर्धी ठेवलेली बाटली कोल्हापूरच्या पावसाळ्यात किती पाणी ओढेल सांगता येत नाही. आणि रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता. पाण्यात विरघळतं ते.

पंचगंगाकाठ

नवा मास्टर सिलिंडर, चारही बाजूंचे होजपाइप, नवं डॉट ३. एअर काढताना पॅडलखाली ठोकळा ठेवला, गॅरेजमधले सगळे माझ्याकडे बघत होते. बूस्टरची तपासणी पास. डबीवर पातळीच्या रेषेशी मार्करने तारीख लिहून ठेवलीय, रोज सकाळी बघतोय, हललेली नाही. स्टेअरिंगचं ऑइलही बदललं, घुरघुर गेली.

एकच राहिलं. काढलेलं जुनं ऑइल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून दिलंय त्यांनी. त्याचं काय करू?

ग्रीसचे डाग

आधी ती बाटली बदला! विषारी आहे, घरात पोरंटोरं असतात. जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये ओता, वर मोठ्या अक्षरात लिहा. गटारात नाही, झाडाखाली नाही, आणि इंजिनच्या जुन्या ऑइलमध्येही मिसळू नका, ते गोळा करणाऱ्यांना चालत नाही. वापरलेलं ऑइल रीतसर गोळा करणारं एखादं मोठं सर्व्हिस सेंटर असेल तर तिथे विचारा, वेगळं द्या.

आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक नवे आहेत म्हणून त्यांच्यावर बसू नका.

नानाची_टांग

वाचनखूण साठवली. पद्मिनीची किटं अजून हवी आहेत, लक्षात असू द्या.

संपादक

सिट्रोएनविषयीचे नंतरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. सदू यांनी फोटोही तिथेच द्यावेत.